माकडाला वकील, शेतकऱ्याला पंचनामा



एका माकडाने स्वतःचा फोटो स्वतः काढला आणि त्या फोटोचा मालक कोण, यावर अमेरिकेच्या न्यायालयात खटला चालला. ही पारावरची थाप नाही. निकाल छापलेला आहे.

२०११ साली इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर डेव्हिड स्लेटर हा ब्रिटिश छायाचित्रकार काळ्या, शेंडीवाल्या माकडांच्या कळपामागे हिंडत होता. कॅमेरा माकडांच्या हाताला लागला, एकाने कळ दाबली आणि सगळे दात दाखवत हसणारा चेहरा टिपला गेला. वर्तमानपत्रांनी तो जगभर नेला. २०१४ मध्ये वाद उभा राहिला. फोटो माणसाने काढलेला नाही, म्हणून त्याला मालकच नाही, असे विकिपीडियावाले म्हणाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने आपल्या नियमपुस्तिकेत लिहिले की माकडाने काढलेल्या फोटोची नोंदणी होत नाही. २०१५ मध्ये पेटा ही प्राणिहक्कवाली संस्था माकडाच्या वतीने न्यायालयात गेली. माकडाचे नाव नारुतो. २०१६ मध्ये न्यायाधीशांनी नकार दिला. २०१७ मध्ये तडजोड झाली : फोटोच्या पुढच्या कमाईतला २५ टक्के भाग या माकडांचे संरक्षण करणाऱ्या संस्थांना द्यायचा. तरीही २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल दिलाच. कॉपीराइट कायद्याखाली जनावराला दावा लावता येत नाही.

हसू येते ना? येऊ द्या. मलाही येते. पण हसून झाल्यावर त्या फोटोच्या चौकटीबाहेर काय आहे, तेही बघा.

या माकडाला तिथले लोक याकी म्हणतात. त्याची जात नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. तिथे त्याला मांसासाठी मारतात आणि शेता-बागांत शिरून नुकसान करतो म्हणूनही मारतात. म्हणजे ज्या जनावराचा चेहरा बघून सारे जग हसले, त्याच्याशी त्या बेटावरचा शेतकरी रोज भांडतो आहे. खटला तीन वर्षे चालला. माकडाला वकील मिळाला, छायाचित्रकाराला मिळाला. जाहीर झालेल्या तडजोडीत त्या शेतकऱ्याचे नाव कुठेही नाही. तो फोटोत नव्हता, म्हणून हिशेबातही आला नाही.

आज हा विषय घेण्याचे कारण एवढेच. जनावरांचे गमतीदार फोटो हा आता जगातला मोठा शौक झाला आहे. आपल्या पोरांच्या मोबाईलवरही ते येतात. २०१५ पासून दोन ब्रिटिश छायाचित्रकारांनी सुरू केलेली खास विनोदी वन्यप्राणी फोटोंची स्पर्धा चालते. तिचा हेतू चांगला आहे. हसवता हसवता माणसाला वन्यप्राण्यांबद्दल आपुलकी वाटावी, हा. २०१६ साली बक्षीस मिळाले ते अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या कोल्ह्याला : डोके बर्फात रुतलेले, बूड आभाळाकडे. २०१७ साली हंगेरीतल्या घुबडांच्या पिल्लांना : काही फांदीवर शहाण्यासारखी बसलेली, एक घसरून लोंबकळणारे. २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या कासवाला : पुढचा पाय असा उचललेला की जणू फोटोवाल्याला शिवीच देते आहे. २०२४ साली इटलीतल्या खारीला : अर्धी झाडाच्या ढोलीत, मागचे पाय बाहेर.

शेतीचे शिक्षण घेतलेल्या माणसाला या फोटोंत आणखी काही दिसते. तो कोल्हा धडपडलेला नाही. बर्फाखाली चालणाऱ्या उंदराची चाहूल कानाने घेऊन तो सूर मारतो, पोटासाठी. हंगेरीतले ते छोटे घुबड म्हणजे आपल्या पिंगळ्याचा सख्खा चुलतभाऊ. पिंगळा आपल्या बांधावर किडे आणि उंदीर वेचतो. पक्षी बसावेत म्हणून कपाशीत आणि तुरीत पक्षीथांबे रोवा, असे आम्ही सांगतो ते अशाच भिडूंसाठी. २०२१ साली बक्षीस मिळालेला चीनच्या युन्नान प्रांतातला माकडाचा फोटो तर फार बोलका आहे. पुलाच्या तारेवर माकड भलत्याच अवघड जागी बसले आहे आणि तोंड उघडे आहे. बघणारा म्हणतो, बिचाऱ्याला लागले! छायाचित्रकारानेच सांगितले की माकड कळवळत नव्हते, अंगावर येण्याचा आविर्भाव करत होते. उत्तरेकडच्या लाल तोंडाच्या माकडाने दांडग्या माकडापुढे दात काढले तर ते हसू नसते, शरणागती असते. जनावर आपल्या धंद्यात असते. विनोद बघणाऱ्याच्या डोक्यात असतो.

म्हणून हसू नये का? तसे नाही. जनावरांवर हसायला शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. आपण उभे केलेल्या बुजगावण्याच्या डोक्यावर कावळा बसून पीस साफ करतो, हा फोटो प्रत्येक गावात फुकट मिळेल. एसटी स्टँडवर वानर पिशवीतला बिस्किटाचा पुडा काढून घेते आणि छपरावर बसून मालकाकडे बघत खाते. रोही रात्री डांबरी रस्त्यावर येऊन पाटलासारखा उभा राहतो, जीपवाल्यानेच वाट वाकडी करावी. जागलीला गेलेल्या गड्याला अंधारात दोन डोळे चमकताना दिसतात, तो हाकारे घालत गावापर्यंत पळतो आणि उजाडल्यावर कळते की ती शेजाऱ्याची सुटलेली म्हैस होती. हे किस्से आपण वर्षानुवर्षे सांगतो. पण आपल्या आणि फोटोवाल्याच्या हसण्यात एक फरक आहे. तो हसून गाडीत बसतो. आपण हसून झाल्यावर किती ताटे मोडली ते मोजायला जातो.

आणि मोजणीत गंमत राहत नाही. ज्वारी चिकात आली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत धुऱ्यालगतचे तास आडवे करतो. जेवढे खातो त्याहून जास्त तुडवतो. रोही कपाशीचे कोवळे शेंडे खुडतो. वानरे शेंगा तोडून अर्ध्या खाली टाकतात. बांधाला जुन्या साड्या बांधा, डबे वाजवा, फटाके फोडा, भोंग्यावर कुत्र्याचे भुंकणे लावा. दहा दिवसांत जनावर शहाणे होते. झटका मशीन बसवा म्हणावे तर पैसा लागतो आणि आपल्या शेताला झटका बसला की कळप शेजाऱ्याकडे वळतो. कोरडवाहू गावांत ज्वारीचा पेरा आटला त्याला भाव हे एक कारण आहे, पण जागल हेही आहे. ज्या घरात रात्री माळ्यावर बसायला माणूस नाही, ते घर ज्वारी पेरत नाही. मग घरात भाकर नाही आणि गोठ्यात कडबा नाही. मी शेतीची पदवी घेतली तेव्हा बोंडअळीवर व्याख्याने संपत नव्हती. रानडुकराचे नाव एकाही प्रश्नपत्रिकेत नव्हते.

यावर शहरातले सद्गृहस्थ दोन उत्तरे देतात. पहिले : तुम्ही जंगलात शेती केली, जनावर कुठे जाईल? रोही तर मुळात माळरानाचा आणि झुडपांचा प्राणी. त्याच्या आणि आपल्या पणज्यांच्या पायवाटा एकच होत्या. दुसरे : निसर्गाचा समतोल. समतोल हवा, हे शेतकऱ्याइतके कोणाला कळते? पण तराजूच्या एका पारड्यात पर्यटकाचा आनंद आणि दुसऱ्यात फक्त शेतकऱ्याची ज्वारी, हा कसला समतोल?

समतोलाची खरी किंमत काय असते ते बघायचे तर त्याच स्पर्धेचा पहिला विजेता बघा. २०१५ चा तो फोटो ऑस्ट्रियातल्या रानटी हॅमस्टरचा आहे. उंदराच्या भाऊबंदातला गुबगुबीत प्राणी, तोंडात गवत धरून लगबगीने धावणारा. युरोपच्या शेतकऱ्याने त्याला पिकाचा शत्रू म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सापळ्यात मारले. पुढे सलग मक्याची शेती आली, रस्ते आले, वसाहती आल्या आणि तो संपत चालला. वसंतात तो झोपेतून उठतो तेव्हा मक्याचे रान उघडे असते, खायला काही नसते. स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की मक्यावरच ठेवलेल्या माद्या आपलीच पिल्ले खातात. ब-३ जीवनसत्त्व दिले की ते थांबते. २०२० मध्ये त्याची नोंद जगभरात नामशेष होण्याच्या काठावरचा प्राणी म्हणून झाली.

आता पुढचे नीट वाचा. हॅमस्टरला वाचवण्यात कसूर केली म्हणून युरोपच्या न्यायालयाने २०११ मध्ये फ्रान्स सरकारला दोषी धरले. मग फ्रान्सच्या अल्सास भागातल्या शेतकऱ्यांशी करार झाले. त्यांनी मक्याऐवजी गहू आणि लसूणघास घ्यावा, काही पीक न कापता उभे ठेवावे आणि त्याबद्दल पैसे घ्यावेत. तिथे जनावर वाचवणे हे शेतकऱ्याचे काम मानले आणि कामाला दाम लावला. त्याला उपदेश करून हात झटकले नाहीत.

आपल्याकडे काय आहे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३९ सांगते की संरक्षित वन्यप्राणी मेलेला सापडला तर तो सरकारची मालमत्ता. ठीक आहे. मेलेले रानडुक्कर सरकारचे. मग जिवंतपणी त्याने खाल्लेली ज्वारी कोणाची? मालमत्ता सरकारची असेल तर तिचा चाराही सरकारच्या खात्यावर पडला पाहिजे. आज जनावर सरकारचे आणि चारा शेतकऱ्याचा, असा कारभार चालला आहे. वनखात्याची भरपाई आहे. पण तिचा अर्ज, पंचनामा आणि हेलपाटे यांची मजुरी धरली तर अनेकजण अर्जच करत नाहीत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये पिकाचे नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकरांना परवानगीने मारण्याची वाट काढली. परवाना हातात येईपर्यंत कळप दुसऱ्या शिवारात गेलेला असतो. आणि बंदूक आहे कोणाकडे?

एक नवी गोष्ट मात्र कामाची आहे, आणि ती फोटोचीच आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान स्थानिक जोखमीत जादा संरक्षण म्हणून धरले जाईल आणि हे २०२६ च्या खरिपापासून लागू होईल, असे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. अट अशी की नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत पीक विमा ॲपवर कळवायचे आणि जागेची नोंद असलेला फोटो चढवायचा. दुसरी गोम अशी की कोणते प्राणी आणि कोणता भाग, हे राज्याने जाहीर करायचे आहे. २०२५ च्या खरिपात महाराष्ट्राने स्थानिक आपत्तीचे संरक्षणच योजनेतून काढून टाकले होते, हे विसरू नका. केंद्राने दार उघडले तरी राज्याने कडी घातली तर आपण बाहेरच.

तेव्हा जिल्हा बैठकीत ठराव करू या. पहिला : राज्याने हे संरक्षण पीक विम्यात घ्यावे आणि प्राण्यांच्या यादीत रोही, रानडुक्कर, हरिण आणि वानर ही चारही नावे असावीत. दुसरा : अभयारण्याच्या पर्यटनातून येणाऱ्या पैशाचा ठरलेला वाटा लगतच्या शिवारांच्या कुंपणाला मिळावा. जंगलात गाडीतून ज्याचा फोटो निघतो तेच डुक्कर रात्री आपल्या शेतात जेवते, त्याच्या जेवणाचे पैसे फोटोवाल्यानेही थोडे द्यावेत. तिसरा ठराव सरकारसाठी नाही, आपल्यासाठी आहे. प्रत्येक गावात मोबाईल चालवणारी दोन पोरे-पोरी नेमा. पहाटे नुकसान दिसले की तोडणी-आवराआवर करण्याआधी फोटो काढायचा : जनावराचे ठसे, मोडलेली ताटे, ओळखीची खूण, जागा आणि वेळ. गट नंबर वहीत लिहायचा. ७२ तास म्हणजे तीन दिवस. बाजाराचा दिवस मध्ये आला तर दोनच.

या फोटोला कोणी बक्षीस देणार नाही. त्यावर कोणी हसणारही नाही. पण पुढच्या वर्षी ज्वारी पेरायची की नाही, हे त्यावर ठरेल.