चकवा भुताचा नव्हे, धुक्याचा

पावसाळा लागला की श्रीरामपूरच्या आपल्या वस्त्यांतली भरतीची तयारी करणारी पोरं दम वाढवायला कळसूबाईला जातात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. चढ-उताराने पाय तयार होतात, म्हणून त्यांनी जरूर जावं. पण धुक्यात वाट चुकून पुन्हा त्याच दगडापाशी आले, की घरी आल्यावर एकच शब्द ऐकू येतो : चकवा लागला. धम्म स्वीकारलेल्या घरांतही हा शब्द अजून आहे. तो काढून टाकावा, असं आम्हाला वाटतं. कारण या शब्दामुळे खरा धोका दिसत नाही.

२००९ साली संशोधकांनी काही माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर ती सरळ चालली. ढगाआड गेला की गोल फिरू लागली, आणि आपण सरळच चाललोय याची त्यांना खात्री होती! चकवा तो हाच.

दुसरा धोका गारठ्याचा. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे आपल्या गावापेक्षा हजारभर मीटर उंच. तेवढ्यानेच हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. त्यात सुती कपडे भिजलेले, वरून वारा. अंगाचा ताप ३५ अंशांच्या खाली गेला की माणूस कुडकुडतो, अडखळतो, असंबद्ध बोलतो. लोक म्हणतात, प्यायलाय किंवा झपाटलाय. कुडकुडणं थांबलं आणि तो सुस्तावला, तर जीव धोक्यात आहे असं समजा. अशा वेळी अंगारा नको, दारूही नको. वाऱ्याच्या आड न्या, ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका. ११२ किंवा १०८ ला फोन करा.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या हरिश्चंद्रगडावर पुण्याचे काही तरुण धुक्यात वाट चुकले; त्यातला एक गेला. २०२१ साली चीनमध्ये डोंगरातल्या शर्यतीत १७२ धावपटू होते. अचानक पाऊस, गारा, वारा सुटला आणि २१ जण दगावले. ते कसलेले धावपटू होते. सहा जणांना एका मेंढपाळाने वाचवलं. त्याच्याकडे गुहा, शेकोटी आणि पांघरूण होतं.

म्हणून पोरांनो, एक कोरडा सदरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या. मोबाईलमध्ये नकाशा घरूनच उतरवून घ्या. रेंज नसली तरी तो आपली जागा दाखवतो. गावातला वाटाड्या घ्या, त्याची मजुरी द्या. एकट्याला मागे सोडू नका. पुढची खूण दिसेना तर थांबा. ओळखीच्या शेवटच्या खुणेपर्यंत परत या. ओढ्याच्या कडेने अनोळखी उतार धरू नका.

मागे फिरणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. पावसाळ्यात एका जागी थांबण्याचा वर्षावासाचा नियम तथागतांनीच भिक्खूंना घालून दिला. अप्रमाद म्हणजे सावध राहणं, ही त्यांचीच शिकवण. यंदाच्या वर्षावासात विहारातली एक संध्याकाळ या विषयाला द्यावी आणि आज्यांनाही पुढे बसवावं, अशी आमची विनंती आहे.

जय भीम, नमो बुद्धाय!