बाळाच्या गालाला विश्रांती द्या

"डॉक्टर, मी परवा वांगं खाल्लं, त्यानंच झालं का हो?" तीन आठवड्यांचं बाळ मांडीवर घेऊन आई विचारत होती. शेजारी सासूबाई गप्प. घरी निकाल लागून गेला होता. बाळाच्या गालांवर, कपाळावर बारीक लाल पुळ्या, काहींची टोकं पिवळट. बाळ मात्र मजेत दूध ओढत होतं.

वांग्याचा यात काडीचा संबंध नाही. या वयात साधारण पाचांतल्या एका बाळाला अशा पुळ्या येतात आणि तीन-चार महिन्यांत डाग न ठेवता जातात. नाकावरचे पांढरे ठिपकेही काही आठवड्यांत आपोआप मावळतात. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडानं चेहरा टिपायचा, पुळी फोडायची नाही, चेहऱ्यावर तेल चोळायचं नाही. बस.

पण इतकं थोडं करणं घरच्यांना जमत नाही. या बाळाच्या कानामागच्या घडीत डाळीचं पीठ वाळून बसलं होतं. मग आजींनी पिशवीतून एक ट्यूब काढली, तळापासून गुंडाळत आणलेली, निम्मी संपलेली. आजोबांच्या गजकर्णाची. "लावली की लाली लगेच उतरते हो."

उतरणारच, तिच्यात जोरकस स्टेरॉइड आहे. बाळाची नाजूक त्वचा ते शोषून घेते, दिवसेंदिवस पातळ होत जाते, आणि मलम थांबवलं की लाली दुप्पट होऊन परतते. 2018 मध्ये केंद्र सरकारनं स्टेरॉइडची अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी नाव सांगितलं की ट्यूब हातात पडते, याचा मला मनापासून संताप येतो.

दुर्लक्ष कशाकडे करायचं नाही, तेही सांगते. पाण्यानं भरलेले फोड, मधासारखी पिवळी खपली, 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, दूध तोडणं, मलूल पडणं: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन-तीन महिन्यांनंतर गाल खरखरीत होऊन बाळ ते घासू लागलं, तर तो एक्झिमा असू शकतो. त्याला उपचार लागतात, पण तेव्हाही आईचं ताट परस्पर कमी करू नका. अंगावर पाजणाऱ्या बाईला पोटभर जेवण लागतं.

ट्यूब मी ठेवून घेतली. आजींना म्हटलं, आज हिला वांग्याची भाजी तुमच्या हातानं वाढा.

(लेखिका बालरोगतज्ज्ञ आहेत.)