कंपन्यांचे विलीनीकरण आणि कोकणातील ग्राहक

रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे मुंबईत, आखातात वा जहाजावर असतात. त्यामुळे मोबाईल व इंटरनेट ही येथे चैनीची वस्तू नसून घर जोडून ठेवणारा धागा आहे. ही सेवा देणारी कंपनीच दुसऱ्याच्या हाती गेली, तर ग्राहकाच्या पदरी काय पडते?

दूरसंचार खात्याच्या विभागणीनुसार रत्नागिरी महाराष्ट्र व गोवा मंडळात येते. या मंडळातील बीपीएलची मोबाईल सेवा 2006 साली हचकडे गेली, 2007 साली हच व्होडाफोनने घेतली, 31 ऑगस्ट 2018 रोजी व्होडाफोन व आयडिया एक झाल्या आणि सप्टेंबर 2020 मध्ये ‘वी’ हे नाव आले. एकाच क्रमांकाने अशी चार नावे पाहिली.

मात्र ही सर्व हस्तांतरणे सारखी नव्हती. पहिल्या दोन वेळी बाजारपेठ वाढत होती व नवा मालक भांडवल घेऊन येत होता. 2018 चे विलीनीकरण, 2016 साली जिओ आल्यानंतरच्या दरयुद्धात तग धरण्यासाठी झाले. वर्षाला 14,000 कोटी रुपयांचा लाभ, मुख्यतः खर्चातील बचतीतून, होईल असे तेव्हा भागधारकांना सांगण्यात आले. एकाच जागी दोन्ही कंपन्यांची यंत्रणा असेल तर एक काढणे, हा अशा बचतीचा सरळ मार्ग असतो. पुढे 24 ऑक्टोबर 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 58 हजार कोटींहून अधिक सरकारी देण्याची मागणी कंपनीपुढे उभी राहिली. मनोऱ्यांसाठी लागणारा पैसा अपुरा पडला. इतरांची 5जी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली; हिची मुंबईत मार्च 2025 मध्ये. विलीनीकरणाच्या वेळी सुमारे 40 कोटी असलेले ग्राहक 2025 पर्यंत निम्म्यावर आले.

म्हणजे मालक बदलल्याने सेवा सुधारते वा बिघडते असे नव्हे. पैसा यंत्रणेत जातो की देणी फेडण्यात, यावर ते ठरते. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय 2011 पासून आहे खरी. परंतु खोऱ्यातल्या ज्या वाडीला एकाच कंपनीचे नेटवर्क पोहोचते, तिला या सोयीचा काय उपयोग? 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडच्या लोकांनी संपर्क तुटणे म्हणजे काय, हे अनुभवले आहे.

ट्रायच्या 2024 च्या नियमांनुसार जिल्ह्यात 24 तासांहून अधिक काळ सेवा ठप्प झाल्यास ग्राहकास भरपाई मिळते. कंपन्यांनी आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशेही प्रसिद्ध करावयाचे आहेत. मात्र नैसर्गिक आपत्ती या भरपाईतून वगळलेली आहे. कोकणासाठी ही उणीव मोठी आहे. विलीनीकरणास मंजुरी देतानाच प्रत्येक तालुक्यातील सेवा आहे त्याहून खालावणार नाही, अशी अट असावी, असे आमचे मत आहे.

परमगुरुस्वामी बेनेडिक्ट सोळावे यांनी ‘कारितास इन वेरिताते’ या 2009 च्या परिपत्रात सांगितले आहे की, उद्योगाचे उत्तरदायित्व केवळ भांडवल घालणाऱ्यांपुरते नसते. कामगार, ग्राहक व स्थानिक समाजही त्यात येतात. ही शिकवण आपण व्यवहारात आणावी. सेवा बिघडल्यास केवळ हळहळत न बसता तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, दाद न मिळाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे, आणि धर्मग्रामातील सुशिक्षित तरुणांनी वृद्धांच्या तक्रारी लिहून द्याव्यात. शेजाऱ्याचा आवाज दूरच्या मुलापर्यंत पोहोचविणे, हीदेखील प्रीतीची सेवाच आहे.