सत्र सुरू होण्याआधीचा हिशेब

नव्या शैक्षणिक वर्षाची वेळापत्रके आपापल्या विधी महाविद्यालयांत आता तयार होत असतील. कोणत्या प्राध्यापकाला कोणता वार सोयीचा, तासिका तत्त्वावर येणारे वकील कोर्ट गाठण्याआधी किती वाजेपर्यंत थांबू शकतात, वर्गखोल्या किती, हे सगळे त्यात पाहिले जाते आणि पाहायलाच हवे. मात्र या वेळापत्रकातून विद्यार्थ्याच्या आठवड्यात वाचनाला किती तास उरतात आणि तीन किंवा पाच वर्षांत कोणत्या टप्प्यावर त्याच्या डोक्यावर किती ओझे येणार आहे, याचा हिशेब कोणी मांडत नाही. यंदा तो मांडावा, यासाठी हे लिहीत आहोत.

आकडे आपल्या हाताशीच आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या पदवीचे सत्र किमान १५ आठवड्यांचे असावे लागते. आठवड्याला किमान ३० तास, त्यांपैकी किमान २४ तास व्याख्यानांचे. म्हणजे सत्रात ३६० व्याख्याने. सत्राला पाच विषय धरून ती सारखी वाटली, तर विषयामागे ७२ येतात. आता प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या लांबल्या आणि पहिल्या सत्राचे तीन आठवडे हातचे गेले, तर २४ गुणिले ३, म्हणजे बरोबर ७२ व्याख्याने बुडतात. एक अख्खा विषय बुडाला. तो कोणत्याही एका विषयातून वजा होत नाही, पाचही विषयांतून थोडा थोडा झिरपून जातो, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. संविदा कायद्याचे शेवटचे प्रकरण ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सुटते आणि दोन सत्रांनंतर विशेष संविदा शिकवणाऱ्या प्राध्यापकांना पोरांना काहीच येत नाही असे वाटू लागते.

विषयांचा क्रम हा या आखणीचा गाभा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे चौथे कलमच सांगते की, त्या कायद्यातील संविदांविषयीची प्रकरणे व कलमे भारतीय संविदा अधिनियम, १८७२चा भाग समजावीत. ज्याचा संविदेचा पेपर राहिला आहे, तो विद्यार्थी गहाण आणि भाडेपट्टा कशाच्या जोरावर समजून घेणार? एटीकेटीची सवलत त्याला पुढच्या वर्गात बसू देते आणि ती सवलत असावी, असेच आमचे मत आहे. पण राहिलेला पेपर म्हणजे केवळ निकालपत्रावरची एक ओळ नव्हे. चालू सत्राच्या पाच विषयांवर चढलेला तो सहावा विषय आहे. दोन राहिले असतील तर सातवाही. अशा विद्यार्थ्याला परीक्षा अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी कार्यालयाच्या खिडकीवर सल्ला मिळून उपयोग नाही. निकाल लागल्यावर आठवड्याच्या आत कोणीतरी त्याच्यासोबत बसून, कोणता पेपर आधी सोडवायचा आणि त्यासाठी चालू सत्रातले काय बाजूला ठेवायचे, हे कागदावर लिहून दिले पाहिजे. ज्यावर पुढचा विषय उभा आहे तो पेपर आधी सोडवावा. सोपा वाटतो तो आधी, हा प्रचलित सल्ला चुकीचा आहे.

शेवटच्या वर्षाची अवस्था आपण सगळेच पाहतो. अनेक विद्यापीठांत दोन्ही प्रक्रिया कायदे आणि पुरावा कायदा शेवटाकडे येतात. त्याच सुमारास मसुदालेखन, मूट कोर्ट, ऐच्छिक विषय, राहिलेले पेपर आणि अखिल भारतीय बार परीक्षेची चिंता. त्यात १ जुलै २०२४पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. भारतीय न्याय संहितेची ३५८ कलमे, नागरिक सुरक्षा संहितेची ५३१ आणि साक्ष्य अधिनियमाची १७० कलमे शिकवून आपले काम संपत नाही, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले भारतीय दंड संहितेखालीच चालत राहणार आहेत. सत्र न्यायालयात एका फाइलवर कलम ३०२ आणि पुढच्या फाइलवर कलम १०३, दोन्ही खुनाचेच. विद्यार्थ्याला पुढची कित्येक वर्षे दोन्ही कायदे यावे लागतील. विषय तोच, तासिका तेवढ्याच, वाचन मात्र दुपटीच्या जवळ गेले आहे. फौजदारी विषयांच्या तासिका वाढवण्याची मागणी अभ्यास मंडळांपुढे न्यायला हवी.

शेवटच्या वर्षावरचा थोडा भार मात्र आपण स्वतःच चढवलेला आहे. खटल्याच्या निरीक्षणाचेच पाहा. नियमांनुसार विद्यार्थ्याने एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले पाहायचे, वेगवेगळ्या दिवशी काय घडले याची नोंद ठेवायची. त्याला ३० गुण आहेत आणि यासाठी शेवटची दोन-तीन वर्षे मोकळी ठेवलेली आहेत. प्रत्यक्षात काय होते? तोंडी परीक्षेच्या पंधरवड्यात वर्ग एका दिवसात जिल्हा न्यायालयात जाऊन येतो आणि वह्या एकमेकांवरून उतरतात. दिवाणी दावा एका दिवसात दिसत नाही. सरतपास प्रतिज्ञापत्रावर दाखल होतो, त्यामुळे कोर्टात बसून दिसायचा तो उलटतपास, आणि साक्षीदार गैरहजर असला की पुढची तारीख. कैफियत दाखल झाली आहे, मुद्दे निघाले आहेत असा दावा दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला निवडून दिला, तारखा टिपून ठेवल्या आणि महिन्यातून एक सकाळ त्यासाठी मोकळी सोडली, तर तोच विद्यार्थी शेवटच्या सत्रात रोजनामा वाचून पुढे काय होणार ते सांगू शकतो. यासाठी पैसा लागत नाही, एखाद्या स्थानिक वकिलाशी बोलावे लागते.

इंटर्नशिपचेही तसेच. तीन वर्षांच्या पदवीला एकूण किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या पदवीला २०, आणि एका वर्षात सलग चारपेक्षा जास्त आठवडे नाहीत. तीन गुणिले चार बारा, पाच गुणिले चार वीस. दर वर्षी चार आठवडे केले की हा हिशेब सरळ जुळतो. पहिले वर्ष कोरडे गेले की पुढच्या एका वर्षात दोन वेगळे तुकडे बसवावे लागतात. आपल्याकडे विद्यार्थी मोकळा होतो तो मे महिन्यात, आणि नेमक्या त्याच काळात दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुटी असते. वरिष्ठांच्या कचेरीत बसून टिपणे काढण्यापलीकडे त्याच्या हाती काही लागत नाही. दिवाणी वकिलाकडे जायचे असेल तर न्यायालये चालू असलेला काळ, विधी सेवा प्राधिकरण, संस्था किंवा कंपनीकडे जायचे असेल तर मे, अशी विभागणी महाविद्यालयाने आधी करून द्यावी. पहिल्या इंटर्नशिपला निघण्याआधी दाव्याचे टप्पे समजावणारी दोन तासांची बैठकही घ्यावी. दिवाणी प्रक्रिया संहिता अजून शिकवलीच नाही म्हणून मुलगा महिनाभर नुसता कोपऱ्यात उभा राहिला, तर ती त्याची चूक नाही.

ऐच्छिक विषयांबद्दल थोडेच. कोण शिकवायला उपलब्ध आहे आणि कोणता पेपर ‘स्कोअरिंग’ आहे, या दोन निकषांवर ते ठरतात. तालुक्याच्या न्यायालयात वकिली करू पाहणाऱ्या मुलीला जमीन महसूल, कूळ कायदा आणि भाडे नियंत्रण यांची गरज पहिल्या पक्षकारापासून पडणार आहे. निदान निवडीपूर्वी हे तिला कोणी सांगावे.

वाचनाच्या भाराचा प्रश्न मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत अधिक गंभीर आहे. ‘केशवानंद भारती वाचून या’ असे वर्गात सहज सांगितले जाते. तो निकाल सातशेहून अधिक पानांचा आहे. इंग्रजी वाचनाची सवय नसलेला विद्यार्थी पहिल्या वीस पानांत थकतो, आपली पात्रता नाही असे समजतो आणि गाइडकडे वळतो. कोणते परिच्छेद वाचायचे हे नेमून दिले आणि भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश हाताशी ठेवायला सांगितला, तर तोच विद्यार्थी टिकतो. सकाळी वर्ग आणि दुपारी नोकरी करणाऱ्यांनाही याच नेमकेपणाची गरज आहे. ‘भरपूर वाचा’ हा सल्ला त्यांच्या कामाचा नाही. ‘या आठवड्यात ही तीस पाने’ हा कामाचा आहे.

हजेरीचा विषय टाळून चालणार नाही. नियम ७० टक्क्यांचा आहे. ७२ व्याख्यानांपैकी ५१ झाली पाहिजेत. नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, एका विधी विद्यार्थ्याच्या २०१६मधील आत्महत्येतून उभ्या राहिलेल्या प्रकरणात, केवळ हजेरी कमी म्हणून विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये असे म्हटले आणि हजेरी दर आठवड्याला जाहीर करावी, कमी पडत असल्यास पालकांना दर महिन्याला कळवावे, असेही सांगितले. हा निकाल आपल्यावर कितपत बंधनकारक, हा वाद बाजूला ठेवला तरी त्यातली ही शेवटची अपेक्षा कोणत्याही नियमाच्या आड येत नाही. टर्म ग्रँट होणार नाही हे विद्यार्थ्याला सत्राच्या चौदाव्या आठवड्यात कळत असेल, तर त्या यादीवर सही करणाऱ्यांनी आधीचे तेरा आठवडे काय केले, हे विचारले गेलेच पाहिजे.

आमचे म्हणणे एवढेच की, प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थ्याच्या हाती शुल्काच्या पावतीसोबत एक पान असावे. संपूर्ण पदवीचे विषय सत्रवार, कोणता विषय कोणावर आधारलेला, इंटर्नशिपचे आठवडे, खटला निरीक्षणाचे महिने, एटीकेटी झाल्यास कोणाला भेटायचे त्या प्राध्यापकांचे नाव. हे पान प्राचार्यांनी एकट्याने करू नये. शिकवणारे सगळे, तासिका तत्त्वावरचे वकीलसुद्धा, एका टेबलाशी बसले तरच ते खरे उतरेल.

ज्या महाविद्यालयांनी असे नियोजन आधीच सुरू केले असेल, त्यांनी ते आमच्याकडे जरूर पाठवावे. कोणते सत्र जड गेले आणि वेळापत्रकात काय बदलावे लागले, हेही सोबत लिहावे. पुढील अंकापासून आम्ही ते क्रमाने छापू.