विश्लेषण : ३० सेकंदांची जाहिरात मुलांना ‘व्हेप’पासून रोखू शकते का?

भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात २०१९ पासून बेकायदा आहे. तरीही पेनसारखी दिसणारी ही उपकरणे मुलांच्या हाती पडतात. कायदा विक्रेत्याला धाक दाखवतो, पण मुलांशी बोलणार कोण?

अमेरिकेने काय केले?

‘जूल’ ही ई-सिगारेट २०१५ मध्ये तरुण मॉडेल्सच्या झगमगीत जाहिरातींसह बाजारात आली. वापर वाढत गेल्याने सप्टेंबर २०१८ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने ‘द रिअल कॉस्ट’ ही मोहीम व्हेपिंगविरोधातही सुरू केली. त्वचेखाली वळवळणारे किडे दाखवणारी चित्रफीत मुले असतात तिथेच, म्हणजे यूट्यूब, इन्स्टाग्रामवर झळकली. शाळांच्या स्वच्छतागृहांतही फलक लावण्यात आले, कारण मुले लपून व्हेप ओढतात ती तिथेच.

परिणाम झाला का?

सरकारी सर्वेक्षणानुसार २०१९ मध्ये हायस्कूलचे २७.५ टक्के विद्यार्थी ई-सिगारेट ओढत होते. २०२४ मध्ये हे प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले. मात्र सगळे श्रेय जाहिरातीला देता येणार नाही. याच काळात तंबाखू खरेदीचे किमान वय २१ झाले, अनेक चवींवर निर्बंध आले आणि करोनामुळे शाळाही बंद होत्या. जाहिरात कारवाईला जोड देते, तिची जागा घेऊ शकत नाही.

आपण काय शिकायचे?

गुटख्याने कर्करोग झालेल्या मुकेशची चित्रपटगृहातील जाहिरात आजही अनेकांना आठवते. सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवरही तंबाखूविरोधी संदेश बंधनकारक आहेत. पण व्हेप ओढणाऱ्या मुलाला ‘हा धूर नव्हे, नुसती वाफ’ असे वाटते. त्याला गुटख्याचा इशारा आपल्यासाठी आहे असे वाटणारच नाही. निकोटीन वाढत्या वयातील मेंदूला घातक असते आणि त्याची सवय लवकर जडते, हे त्याच्या भाषेत सांगायला हवे.

यात एक धोकाही आहे. ज्याने व्हेप पाहिलेच नाही, त्याचे कुतूहल अशा चित्रफितीने चाळवू शकते. म्हणून ती आधी मुलांनाच दाखवून पारखावी. केवळ भीती न घालता सुटकेचा मार्गही दाखवावा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. प्रत्येक चित्रफितीच्या शेवटी हा क्रमांक दिसला पाहिजे. आणि त्यानंतरची रील व्हेप विकणारी नसेल, याची जबाबदारी समाजमाध्यम कंपन्यांवर आणि सरकारवर आहे.