डोंगराचा वार आधी ठरवू नका

उन्हाळी हंगामाच्या सहली आखताना आपण सहल-आयोजक स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखचा दिवस कित्येक महिने आधी छापून मोकळे होतो. हॉटेलं, बस, जेवणं, सगळं त्या एका वाराभोवती बांधलं जातं. मग ३,४५४ मीटर उंचीवरच्या त्या स्थानकावर नेमकं त्याच दिवशी धुकं उतरलं, तर आयुष्यभराची हौस म्हणून आलेल्या पर्यटकाच्या पदरी काहीच पडत नाही आणि दुसऱ्या दिवशी बस पुढच्या गावी निघालेली असते. म्हणून आमचा आग्रह असा, की या देशात मुक्काम एकाच गावी ठेवावा आणि रोज रेल्वेने जाऊन-येऊन सहली कराव्यात. रोजची बॅगांची बांधाबांध वाचते हा फायदा आहेच. पण खरा लाभ हवा पाहून दिवसांची अदलाबदल करता येण्याचा आहे.

तिथल्या रेल्वेची घडणच याला सोयीची आहे. १९८२पासून देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडण्याची पद्धत आहे. बर्नसारख्या मोठ्या स्थानकात चहूबाजूंच्या गाड्या थोड्या वेळात एकापाठोपाठ येतात, प्रवासी गाडी बदलतात आणि त्या पुन्हा आपापल्या दिशेने निघतात. बर्नहून झुरिक, बाझल, लुत्सर्न, इंटरलाकन ही सारी ठिकाणं साधारण तासाभरावर आहेत. देशभर रेल्वेने फिरण्याचा स्विस ट्रॅव्हल पास हाती असला, की नेहमीच्या गाड्यांना आरक्षण लागत नाही. सकाळी शिखरावरच्या कॅमेऱ्यांचं थेट चित्र पाहावं. आभाळ निवळलेलं असेल तर डोंगर गाठावा, नसेल तर लुत्सर्न किंवा बाझलची संग्रहालयं. पासात पाचशेहून अधिक संग्रहालयांचा प्रवेश येतो.

चाळीस जणांना असं फिरवणार कसं, हा आक्षेप रास्त आहे. एवढ्या गटाला आधी जागा राखाव्या लागतात आणि मोकळीक आटते. त्यातच डोंगराकडे जाण्यासाठी इंटरलाकनहून निघणारी गाडी त्स्वाइल्युचिनेनला दुभंगते. निम्मे डबे लाउटरब्रुनेनला, निम्मे ग्रिंडेलवाल्डला जातात. चुकीच्या डब्यात चढलेले चौघे शोधणं सोपं नाही. तेव्हा तुकड्या लहान कराव्यात आणि प्रत्येक तुकडीला जाणता टूर मॅनेजर द्यावा. भरलेली बस माणशी स्वस्त पडते, हेही मान्य. शिवाय युंगफ्राउयोखचा वरचा टप्पा पासात पूर्ण येत नाही, तिथे फक्त सवलत मिळते. ग्राहकाला हे आधीच सांगायला हवं. मात्र पालकांच्या पासावर सोळा वर्षांखालील मुलं मोफत फिरतात, तेव्हा कुटुंबांचा हिशेब वेगळा पडतो. ज्येष्ठांना तर सामान रोज ओढावं लागत नाही आणि एखादा दिवस थकवा आला तर खोलीवर थांबताही येतं.

पुढच्या हंगामाच्या पत्रकात पहिला दिवस, दुसरा दिवस अशी उतरंड छापू नये. निरभ्र दिवसाच्या सहली आणि ढगाळ दिवसाच्या सहली, अशा दोन याद्या द्याव्यात आणि निवड रोज सकाळी होईल, हे बुकिंगच्या वेळीच समजावून सांगावं. ग्राहक आपल्याला वाराचे नव्हे, डोंगर पाहण्याचे पैसे देतो.