ऐकणारा नाटककार

दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषविरोधी लढा म्हटला की लुथुली, मंडेला, बिको ही नावे आपल्या डोळ्यांसमोर येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या लढ्याच्या सर्वांत कोंडलेल्या काळात जोहान्सबर्गच्या एका जुन्या बाजाराच्या इमारतीत जे नाट्यकार्य चालले, त्याची चर्चा आपल्या कार्यकर्त्यांमध्ये क्वचितच होते. त्या कार्याचा सूत्रधार बार्नी सायमन याच्यावर उजव्यांचा राग होता आणि डाव्यांचाही संशय होता. उजव्यांच्या रागाचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. डाव्यांच्या संशयाचा विचार मात्र करावयास हवा, कारण त्यातील प्रश्न आपल्याही घरातले आहेत.

सायमनचा जन्म १९३२ साली जोहान्सबर्गमध्ये, लिथुआनियातून आलेल्या एका ज्यू कष्टकरी कुटुंबात झाला. दक्षिण आफ्रिकेतील बहुसंख्य ज्यूंचे मूळ लिथुआनियातच. कम्युनिस्ट नेता जो स्लोव्हो तर प्रत्यक्ष तेथेच जन्मला. झारशाहीचा छळ अनुभवलेल्या या लोकांना नव्या देशात कातडीच्या रंगामुळे आयतेच मालकवर्गात स्थान मिळाले. बहुतेकांनी ते निमूटपणे स्वीकारले, थोड्यांनी नाकारले. सायमन त्या थोड्यांपैकी. मात्र तो पक्षात गेला नाही, नाटकात गेला.

१९५०च्या दशकात लंडनमध्ये जोन लिटलवुडच्या कामगारवस्तीतील नाट्यगृहात त्याने पडद्यामागे काम केले. नट आणि लेखक एकत्र बसून, तालमीतच नाटक घडवू शकतात हे त्याने तेथे पाहिले. परतल्यावर पोटासाठी जाहिरातीचा मजकूर लिहिणे आणि रात्री डॉर्के हाउसमध्ये अॅथल फ्युगार्ड व काळ्या नटांबरोबर तालमी, असा त्याचा क्रम होता. नॅट नकासा याने देश सोडल्यावर त्याचे ‘द क्लासिक’ हे नियतकालिक सायमनने चालविले. डग्मोर बुटी हा एक पाय गमावलेला, थापा मारण्यात पटाईत आणि कर्करोगाने मरणपंथाला लागलेला कथेकरी. त्याच्याकडून त्याची कहाणी लिहवून घेण्याचे चिकाटीचे कामही सायमनचेच. ते पुस्तक बुटीच्या मृत्यूनंतर, १९६९ मध्ये निघाले.

मला स्वतःला त्याच्या चरित्रातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो मात्र रंगभूमीवरचा नाही. झुलूलँड आणि ट्रान्सकाई येथील ग्रामीण दवाखान्यांत त्याने परिचारिकांबरोबर आरोग्यशिक्षणाचे काम केले. औषध दिले तरी रोगी ते घेत नाही, सांगितलेले आईला पटत नाही, ही तेथील अडचण. सायमनने परिचारिकांना भाषण करावयास शिकविले नाही. तू रोगी हो, तू सासू हो, तू डॉक्टर हो, असे म्हणून त्याने त्यांच्याकडूनच प्रसंग उभे करविले. सासूच्या भूमिकेत शिरलेल्या परिचारिकेला सासूची भीती समजते, आणि मग तिची सांगण्याची भाषाच बदलते. त्याच्या पुढील सर्व नाटकांची पद्धत येथे सापडते.

१९७४ साली मॅनी मॅनिम याच्यासह त्याने ‘द कंपनी’ ही नाट्यमंडळी स्थापन केली. तिला जागा मिळाली न्यूटाउन भागातील ‘इंडियन फ्रूट मार्केट’ या जुन्या इमारतीत. (याच परिसरातील हमीदिया मशिदीच्या आवारात १६ ऑगस्ट १९०८ रोजी गांधीजींच्या नेतृत्वाखाली हिंदी लोकांनी नोंदणीपत्रांची होळी केली होती.) १६ जून १९७६ रोजी सोवेटोमध्ये शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्याच महिन्यात मार्केट थिएटरचा पडदा उघडला. नाटक होते चेखॉव्हचे ‘सीगल’! शेजारी मुले मरत असताना रशियन जमीनदारांचे नैराश्य दाखविणे काहींना संतापजनक वाटले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. परंतु १९६५च्या फर्मानाने काळ्या-गोऱ्यांनी एकत्र नाटक करणे आणि एकत्र बसून पाहणेही परवान्याशिवाय बंद केले होते. अशा देशात सर्वांना एकाच दाराने आत घेणारे नाट्यगृह सरकारी अनुदानाशिवाय चालविणे, ही कृती नाटकाच्या विषयाहून मोठी होती.

तरीही आक्षेप उरतातच. हे नाट्यगृह बड्या कंपन्यांच्या देणग्यांवरही चालले. त्याचा पुष्कळसा प्रेक्षक सुखवस्तू गोरा होता. टाउनशिपमधील कामगाराला रात्री घरी परतण्याची सोय नव्हती. आणि बिकोच्या पिढीने विचारलेला मूलभूत प्रश्न असा की, काळ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार गोऱ्या उदारमतवाद्यांना दिला कोणी? पहिल्या तीन आक्षेपांना समाधानकारक उत्तर नाही, आणि सायमनच्या चाहत्यांनी ते शोधण्याची धडपड करू नये. चौथ्याचे उत्तर त्याच्या कामातून मिळते.

गिब्सन केंटेच्या नाटकमंडळीतील पर्सी म्त्वा आणि म्बोंगेनी न्गेमा हे दोन तरुण नट एक कल्पना घेऊन त्याच्याकडे आले: येशू ख्रिस्त दक्षिण आफ्रिकेत अवतरला तर? सायमनने त्यांना रस्त्यावर धाडले. वीटभट्टीचा मजूर, मांसविक्रेता, न्हावी, म्हातारा माणूस काय म्हणतो ते ऐका, तो हात कसे हलवतो ते पाहा, आणि मग तालमीला या. १९८१च्या ‘वोझा अल्बर्ट!’मध्ये हे दोघेच डझनावारी पात्रे उभी करतात. गोरा साहेब व्हायचे असेल तेव्हा गुलाबी विदूषकी नाक लावतात, एवढाच मेकअप. अवतरलेल्या ख्रिस्ताचे सरकार प्रथम स्वागत करते, मग त्याला बंदिवासात टाकते. शेवटी तो स्मशानात जाऊन अल्बर्ट लुथुली आणि लढ्यातील इतर मृतांना हाक देऊन उठवितो. तासाभराहून थोड्या अधिक वेळात प्रेक्षागृह हसून हसून दमते आणि मग गप्प होते. नाटकावर तिघांचे नाव आहे. सायमनने एकट्याने लिहिले असते तर त्यात मांसविक्रेता आला नसता, हे त्याला ठाऊक होते.

पुढे म्त्वाने १९८५ मध्ये काळ्या पोलिसांवर ‘बोफा!’ आणि न्गेमाने १९८७ मध्ये सोवेटोच्या विद्यार्थ्यांवर ‘साराफिना!’ ही नाटके सायमनशिवाय, परंतु मार्केटच्याच रंगमंचावर आणली. काळ्यांच्या वतीने बोलणाऱ्याला आपले शिष्य असे निघून गेलेले आवडत नाहीत. सायमनने उलट १९८९ मध्ये जॉन कानीसह मार्केट लॅबोरेटरी काढून टाउनशिपमधील तरुणांच्या प्रशिक्षणाची कायम व्यवस्था केली. आणीबाणीच्या वर्षी, १९८५ मध्ये, ‘बॉर्न इन द आरएसए’ हे नाटकही त्याने नटांनी गोळा केलेल्या माहितीतूनच बांधले. त्यातील पोलिसांचा खबऱ्या गोरा आहे, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

३० जून १९९५ रोजी, स्वतंत्र निवडणुकीनंतर वर्षभराने, सायमन वारला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत नव्या सरकारच्या आरोग्यखात्याने न्गेमाला एड्सविषयी जागृती करणाऱ्या ‘साराफिना २’ या भव्य संगीतिकेचे काम दिले, सुमारे १ कोटी ४० लाख रँडचे. कंत्राट देताना नियम मोडल्याचे सार्वजनिक संरक्षकाच्या चौकशीत १९९६ मध्ये निष्पन्न झाले, नाटकातील आरोग्यविषयक माहिती अपुरी व दिशाभूल करणारी असल्याची तक्रार एड्सविरोधी कार्यकर्त्यांनी केली, आणि प्रयोग बंद पडले. मुक्त देशाच्या, आपल्याच विचाराच्या सरकारने हे केले. झुलूलँडच्या दवाखान्यात आळीपाळीने सासू आणि रोगी होणाऱ्या त्या परिचारिकांना रंगमंच नव्हता, वाद्यवृंदही नव्हता.